सेंट्रिंग काढायचा दिवस

मंगळवार, संध्याकाळ. वाडी.

वरच्या खोलीचा स्लॅब टाकून आज आठ दिवस झाले. गुलाब मिस्त्री उद्या सेंट्रिंग, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या आणि टेकूच्या बल्ल्या, काढतो म्हणतो.

राखेचं सिमेंट मीच आणायला लावलं. त्यानं सिमेंटच्या भट्ट्यांचा धूर कमी होतो, हे वाचून एवढी खूश झाले की पेपरातला लेख शेवटपर्यंत वाचलाच नाही. आज कात्रण पुन्हा काढलं. खाली लिहिलंय, हे सिमेंट सावकाश घट्ट होतं, बल्ल्या जास्त दिवस राहू द्या. किती जास्त? ते नाही लिहिलं.

मिस्त्रीला सांगितलं तर हसला. "काकू, स्लॅब म्या टाकला का तुमच्या पेपरानं?"

संदीपही म्हणाला, "आई, तुले तर जिथंतिथं बाबाच दिसतात."

दिसतातच. हे अशाच स्लॅबखाली गेले. तो स्लॅबही आठच दिवसांचा होता. आणि उद्या बल्ल्या ओढायला खाली संदीप उभा राहणार.

स्लॅब पक्का असेलही. मला कुठे कळतं? पण उद्या नको.

ठरलं. सकाळी मिस्त्री यायच्या आधी त्या बल्ल्यांच्या मधोमध खाट टाकून बसते. मी खाली असताना संदीप एकाही बल्लीला हात लावणार नाही.