नदीकाठच्या रस्त्याने माहेरी

वाई, सोमवार, माघ महिना, १९७५

आज आलं: जुनी लेडीज सायकल, नव्वद रुपये. नवी घंटी, तीन रुपये. साखळीला तेल घरचंच.

धोमच्या वरचं माझं माहेर धरणाच्या पाण्यात जाणार, आणि नदीकाठचा जुना रस्ताही. एसटी आताच डोंगराकडच्या नव्या रस्त्याने जाते. मला मात्र एकदा जुन्याच रस्त्याने, स्वतः सायकल मारत जायचंय आणि गावच्या देवीची ओटी भरायचीय. वेड लागलंय का मला? लागू दे!

पण पाचवारीच्या निऱ्या साखळीत अडकतात. अंगणात दोनदा पडले. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. वाटलं, आता सायकल परत करायला लावणार. त्या म्हणाल्या, "अगं, मॅट्रिक झालीस न्हवं? माजं नऊवारी नेस. कासोटा मारून आमी झाडावर चढायचो, सायकलीचं काय घिऊन बसलीस!"

नेसले. सात फेऱ्या मारल्या, एकदाही अडकलं नाही! देवीचीच कृपा. आणि सासूबाईंची.

लगेच दादाला कार्ड लिहिलं: 'रविवारी येते, एकटी, सायकलवर. हसू नकोस. नदीकाठचा रस्ता अजून चालू आहे ना, उलट टपाली कळव.'