पाकीट मुद्दाम घेतलं नाही

कात्रज, पुणे

तीर्थरूप आईस, लांबूनच पायांवर डोकं ठेवते.

मी बरी आहे. ऑफिसात अमेरिकेतल्या आमिश लोकांवरची पोलीस-कादंबरी छपाईआधी तपासते आहे. घोडागाडीतून फिरणारी साधी माणसं, पण नियम मोडणाऱ्याला वाळीत टाकतात. खून झाला तरी पोलिसांशी कुणी बोलत नाही. शेवटी वाळीत टाकलेली मुलगीच बोलते.

ताईनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून हिंमतकाकांनी पंच बसवले. सख्खा भाऊ असून बाबांच्या तिरडीला कुणाला खांदा देऊ दिला नाही. काल मी पोलिसांत तक्रार दिली. बाबांनी माझ्याकडून घरी गिरवून घेतलेल्या अक्षरात, तक्रारीत काकांचं नाव सर्वांत वर आहे.

दाराला कडी लावतेस ना?

आपलं कार्ड पोस्टमन आधी काकांना वाचून दाखवतो. या वेळी दाखवू दे.

तुझी,
नम्रता