सहा महिन्यांची अट

डार्मस्टाट,
१८ मे १९५८

प्रिय शुभा,

तुझं नाव लिहून अर्धा तास झाला आणि पुढची ओळ आत्ता कुठे सुचते आहे. पाच वर्षांत आप्पांना चाळीसेक पत्रं लिहिली असतील, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘घरातील सर्वांस यथायोग्य’. त्या सर्वांत पहिली तू, हे तुला कळत असेल असं मी धरून चाललो. साखरपुडा झाला म्हणून काय झालं, वडील घरात असताना मुलीला परस्पर पत्र लिहायचं का, हा माझा शहाणपणा. आता आप्पांचं पत्र येऊन आठ दिवस झाले. त्याला उत्तर द्यायचं आहे आणि ते दिल्याशिवाय सुटका नाही.

पण आधी माझ्या घरमालकांविषयी सांगतो, म्हणजे थोडा धीर येईल. हेर क्रेमर (‘हेर’ म्हणजे इथलं ‘श्रीयुत’) युद्धात पकडले गेले आणि दोन वर्षं अमेरिकेत, वायोमिंग नावाच्या राज्यात कैदेत होते. तिथे बिटाच्या शेतात राबले. असा माणूस त्या जागेचं नावही काढणार नाही असं आपल्याला वाटेल, यांचं उलटंच. दर रविवारी हे आणि यांच्यासारखे वीसेक जण गावाबाहेरच्या कुरणात रुंद काठाच्या टोप्या घालून जमतात आणि वायोमिंगच्या जुन्या वसाहतीतले प्रसंग नाटकासारखे करतात. त्यात एक शिंपी आहे, ट्रामचा कंडक्टर आहे, दाताचा डॉक्टरही आहे. पहिल्या दिवशी माझा रंग पाहून त्यांनी हौसेने माझ्यासाठी तिथल्या मूळ रहिवाशांचा पिसांचा मुकुट आणला. मी हात जोडले. तुझ्या शाळेतल्या मॅट्रिकच्या मुलींना मात्र एक गोष्ट जरूर सांग: त्या रानटी मुलखात बायकांना १८६९ सालीच मताचा हक्क मिळाला होता, आणि एकटी बाई स्वतःच्या नावावर जमीनही मागू शकत असे. हे ऐकलं त्या दिवशी तुला लिहायला बसलो होतो. लिहिलं आप्पांनाच, तेही हवामानाविषयी.

जमिनीचा तिथला कायदा असा. सरकार एकशे साठ एकर देई. तिथे घर बांधायचं, नांगर धरायचा, पाच वर्षं राहायचं, की जमीन तुमची. मात्र मध्येच सहा महिन्यांहून जास्त कुणी निघून गेला, तर त्याचा हक्क संपला. गेल्या रविवारी त्यांनी असाच एक खटला रंगवला. माझं अक्षर चांगलं म्हणून मी जमीन कचेरीतला कारकून. कंडक्टर झाला दोन वर्षांनी परतलेला माणूस. बैल मेले, पाय मोडला, बर्फात वाट बंद झाली, अशी कारणं त्याने सांगितली, आणि सगळी खरी होती. मी वही पाहून नियम वाचला. त्यावर तो म्हणाला, “मग मी काय करायला हवं होतं?” हे वाक्य ठरलेलं नव्हतं. मी पुन्हा वहीत पाहिलं. मागून हेर क्रेमर कुजबुजले, ‘रद्द’चा शिक्का मारा. मी मारला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शुभा, माझीही कारणं खरी आहेत. माझं संशोधन पाहणारे प्राध्यापक जानेवारीत वारले. नव्या प्राध्यापकांनी मान डोलवत, ‘गेनाऊ, गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, म्हणत माझं सगळं ऐकून घेतलं आणि तीन वर्षांची मोजमापं बाजूला ठेवली. पुन्हा पहिल्यापासून, म्हणजे आणखी दोन वर्षं. आज परतलो तर हातात पदवी नाही, नोकरी नाही. नाही परतलो तर तुझी एकोणतिशी उलटेल. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मी मधे नुसता उभा. त्या रविवारी घरी आल्यावर रडलो, हेही सांगून टाकतो.

आप्पा लिहितात, सांगलीच्या गोगट्यांनी तुला पुन्हा मागणी घातली आहे. “आम्ही दिलेला शब्द मोडणार नाही. तुम्ही मोकळं केलंत तरच पुढचं बोलू.” तुझ्या मनात काय आहे, ते पत्रात कुठेच नाही. पण आप्पांना इंग्रजी लिहिण्याची सवय नाही, म्हणून आजवर प्रत्येक पाकिटावर पत्ता तुझ्या हातचा असायचा. रस्त्याच्या नावातल्या जर्मन अक्षरावरचे दोन ठिपके तू इतके नीट द्यायचीस की पोस्टमनसुद्धा कौतुक करायचा. पत्रं वाचून मी कुठेतरी ठेवून देई. पाकिटं मात्र सगळी जपली आहेत. या वेळचा पत्ता आप्पांनी लिहिला आहे. अक्षर वाकडं आहे आणि ठिपके नाहीत. त्यातच मला तुझं उत्तर दिसलं. तू काही चुकीचं केलं नाहीस. आप्पांसाठी वेगळी चिठ्ठी सोबत ठेवली आहे: माझ्याकडून शुभा मोकळी आहे. तुझ्या नावाने पत्र लिहायला मला पाच वर्षं लागली, आणि लिहिलं ते हे. आप्पांनी आधी फोडून वाचलं तरी आता चालेल, म्हणून एवढ्या एकाच वेळी लिहितो,

तुझाच,
दिनकर