निम्म्या वेली आजोबांच्या

३ सप्टेंबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

आधी आनंदाची बातमी. आपल्या द्राक्षबागेची लाल वाइन आमची कंपनी यंदा महागड्या बाटलीत भरणार आहे. लेबल मीच लिहिलंय: ‘शंभर वर्षांच्या वेलींची वाइन’. जुनी वेल म्हटलं की गिऱ्हाईक किंमत विचारत नाही, असं साहेब म्हणतात. लेबल पास झालं की बाग बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी तिथे कायमचं माणूस लागेल, आणि ते माणूस मी. म्हणजे बदली थेट घरी! इथल्या ऑफिसातली माझी खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते रे. नऊ वर्षं तीच भिंत बघतेय.

पुढच्या आठवड्यात साहेब येतील. सगळ्या वेली आजोबांनी लावल्यात एवढंच सांग, जास्त शहाणपणा नको. आईला नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझी बारकी

१९ सप्टेंबर

चि. बारकीस, अ. उ. आ.

साहेब येऊन गेले. नवे बूट चिखलात घातले बिचाऱ्यांनी. सगळ्या वेली आजोबांच्या का, असं त्यांनी विचारलं आणि माझी जीभ रेटेना. निम्म्या वेली केव्हाच वाळल्या. वेल मेली की बाबा शेजारच्या वेलीची फांदी वाकवून त्या जागी मातीत दाबायचे, तिने मुळं धरली की मधला जोड कापायचे. हे सगळं मी सांगून टाकलं. ते हसले आणि गाडीत बसले.

तू यायला नको आहेस, असं समजू नकोस. जेवताना आई अजून तुझ्या जागेवर कोणाला बसू देत नाही. पण बाबा गेल्यावर त्यांच्या हातच्या वेली आजोबांच्या नावावर खपवायच्या, हे मला जमलं नाही. रागावलीस तरी पत्र धाड.

दादा

२ ऑक्टोबर

ती. दादास, सा. न. वि. वि.

लेबल दुसऱ्या बागेला गेलं, त्याबरोबर माझी जागाही. तिथल्या मालकाने बेधडक हो म्हटलं म्हणे. तुझा फार राग आला होता. मग लक्षात आलं, माझ्या लेबलात बाबा कुठेच नव्हते. पण मला घरी यायचं होतं रे, त्यासाठी मी काहीही लिहिलं असतं. आता कोणतं निमित्त काढून येऊ?

बारकी

११ ऑक्टोबर

चि. बारकीस, अ. उ. आ.

निमित्त हवं तर ऐक. विहिरीकडच्या ओळीत एक फांदी तू बाबांबरोबर दाबली होतीस, इथून जायच्या आदल्या वर्षी. तिला आता घोस लागतात, पण जोड अजून तसाच आहे. दर छाटणीला मी कात्री घेऊन जातो आणि आई मागून येऊन थांबवते. तिने दाबलीय, तीच येऊन कापेल, म्हणते. जोड राहिला की नवी वेल जुनीच्या जिवावर आयतं खाते. तशी तू पहिल्यापासून लाडोबाच.

पुढच्या आठवड्यात छाटणी आहे. कात्रीला धार लावून ठेवलीय. पण खरं सांगू, आलीस तरी तो जोड कापू नकोस. नुसती ये.

लोभ आहेच.

दादा