एक नंबरची खुर्ची

४ जुलै

चि. खारूस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र काल दुपारी आलं. मी खालच्या शिंपीमास्तरांच्या सदऱ्यांची काजं करत होते, ती तशीच टाकून सुईसकट दुकानात गेले आणि तू निळ्या हाउसची गोलकीपर झालीस हे मोठ्याने वाचून दाखवलं. मास्तर म्हणाले की गोलकीपर म्हणजे अकरा जणींत जिच्यावर खापर फुटतं ती. मी म्हटलं, उसवलेल्या शर्टाचं खापर तुमच्यावर फुटतं म्हणून तुम्ही शिवणं सोडलंत का. तेव्हा त्यांनी चहा मागवला.

मला तर फार पसंत आहे हे. बाकीच्या दहा जणी उन्हात धावणार आणि तू जाळीपाशी उभी. लहानपणीही तू धावायची नाहीस, पण हातात आलेली वस्तू सोडायचीही नाहीस. म्हणून तर खार.

शाळेचे हातमोजे सैल होतात लिहिलंस. एका कागदावर पंजा ठेव, भोवतीने पेन्सिल फिरव आणि पाठव. मोजे पण पाठव. जुन्या मऊ चादरीचं अस्तर आतून लावून देते. मी तिसरीपर्यंतच शिकलेली, जोडाक्षर आलं की माझी गाडी अडते, पण अस्तरात माझी चूक दाखव.

तुझ्या रेक्टरबाई सकाळी चादरीची घडी तपासतात हे वाचून बरं वाटलं. माझं कधी ऐकलं नाहीस.

कळावे. लोभ आहेच, नखं कापत जा.

तुझी आजी

१३ जुलै

ती. आजीस,

सा. न. वि. वि. सोबत मोजे आणि पंजाचा कागद पाठवते आहे. करंगळी वाकडी आली आहे कारण कॅप्टन पाठीमागून हसवत होती.

इथे सगळं ठीक. आंघोळीच्या गरम पाण्यात माझा नंबर नववा आहे, म्हणजे गार. बूट रांगेत नसले तर हाउसचा एक गुण जातो, आणि माझ्यामुळे दोन गेले. पण कॅप्टन म्हणते की मी गोल अडवते तोवर बूट माफ.

२८ ऑगस्टला दुपारी लाल हाउसशी फायनल आहे. त्या दिवशी प्रत्येक खेळाडूला एकच पाहुणा बोलावता येतो. पाहुण्याचं नाव रेक्टरबाईंच्या वहीत लिहायचं, मग पास मिळतो, आणि एकदा लिहिलेलं बदलत नाहीत. मैदानाच्या कडेला खुर्च्या मांडतात आणि प्रत्येक खुर्चीला आपल्या शर्टाचा नंबर लावतात. माझी एक नंबरची, सगळ्यांत पहिली.

आजी, मी आईचं नाव लिहिलं. तू रागावणार नाहीस ना? तू तर मला रोजच बघतेस, म्हणजे बघायचीस. आईने मला चार वर्षांत पाहिलेलं नाही आणि तिला मी गोलकीपर आहे हे माहीतच नाही. माझ्याकडे तिचा पत्ता नाही, म्हणून पास तुलाच पाठवते आहे. तू तिला पाठव.

आणि फोन करू नकोस. रेक्टरबाई फक्त आजारपणाचे निरोप देतात.

तुझी,
खारू

२० जुलै

चि. सौ. बेबीस,

आईचे आशीर्वाद. वि. वि. मी बरी आहे. डोळ्यांचं पाणी थांबलं, नवा चष्मा नाकावरून घसरतो पण दिसतं चांगलं. तुझा धाकटा आता बसायला लागला असेल. तुझ्या घरच्यांना नमस्कार सांग, सांगण्यासारखा असला तर.

खारू शाळेत गोलकीपर झाली आहे. सोबत पास आहे, त्यावर तुझं नाव आहे, तिनेच लिहिलं. मला विचारलंसुद्धा नाही, आणि मला त्याचं वाईट वाटलेलं नाही, हे आधीच लिहून टाकते, नाहीतर तू तेच निमित्त करशील. तू दुसऱ्या घरी जाताना आपलं ठरलं होतं की पोर माझ्याकडे राहील आणि तू तिकडे रमशील. ते मी मोडत नाही. एका दुपारचं मागते आहे. खुर्चीत बसायचं, चेंडू इकडून तिकडे जाताना बघायचा आणि पाचच्या बसने परत.

सोबत तिच्या पंजाचा कागदही ठेवते. माझं अस्तराचं माप काढून झालं. तुझ्या हातावर ठेवून बघ, आता फार कमी पडत नाही.

उत्तर लगेच दे.

तुझी आई

२९ जुलै

ती. आईस,

सा. न. वि. वि. पास आणि कागद मिळाला. कागद हातावर ठेवून पाहिला.

जमलं तर बघते. घरात विचारावं लागेल. तिला अजून काही कळवू नकोस.

तुझी,
बेबी

३ ऑगस्ट

चि. खारूस,

आजीचे आशीर्वाद, आज दुप्पट. वि. वि. आई येते आहे. तिचं पत्र आलं. मी ते तीन वेळा वाचलं आणि मास्तरांनी एकदा. मास्तर म्हणाले की पत्रात तसं सरळ लिहिलेलं दिसत नाही. मी म्हटलं, तुम्ही मापं वाचा, माझ्या लेकीचं पत्र मला वाचू द्या. चार वर्षांत पहिल्यांदा तिने नाही म्हटलेलं नाही, याचा अर्थ आईला कळत नाही तर कुणाला कळणार.

मोजे सोबत आहेत. तळव्याला दुहेरी अस्तर आहे. अंगठ्याच्या खाचेत काजाची शिलाई घातली आहे, ती उसवली तर माझं नाव बदल. आधी दोन दिवस वापरून मऊ कर.

माझं आनंदाने जेवण होईना, म्हणून शेजारच्या नर्सबाईंना बोलावलं आणि दोघींनी गप्पा मारत पातेलं रिकामं केलं.

बूट रांगेत ठेव. आईसमोर गुण जायला नकोत.

लोभाचं काय सांगू, उतू जातो आहे.

तुझी आजी

१२ ऑगस्ट

ती. आजीस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र उशीखाली ठेवलं आहे. घडी तपासताना रेक्टरबाईंना सापडलं, पण त्यांनी परत तिथेच ठेवलं.

मी सगळ्यांना सांगितलं. कॅप्टनचे बाबा येणार आहेत, आणि तिने आपण होऊन त्यांची खुर्ची एका जागेने सरकवून घेतली, म्हणजे आईच्या खुर्चीला सावलीची जागा मिळेल. मोजे इतके छान बसतात की कालपासून मी सरावात एकही चेंडू सोडलेला नाही. खोटं वाटेल, पण वहीत नोंद आहे.

आजी, एक विचारायचं आहे. मी तिला ओळखीन ना? तिचे केस अजून लांब आहेत का? आणि माझ्या दातांतली फट आता बुजली आहे, तिनेच मला ओळखलं नाही तर? तिला लिही की बाकीच्या सगळ्या निळ्या शर्टात असतील आणि मी एकटीच हिरव्या. ती काय घालून येईल ते विचारून मला कळव, म्हणजे मला लांबूनच कळेल.

तुझी,
खारू

१८ ऑगस्ट

चि. खारूस,

आशीर्वाद. वि. वि. घाईत लिहिते, पोस्टाची पेटी रिकामी करणारा चारला येतो. वेडे, आईला ओळखायला काय लागतं. तिला पिवळा रंग फार शोभतो, तेव्हा पिवळी ओढणीच घेईल. केस लांबच असणार.

मॅचच्या दिवशी पोटभर जेवू नकोस आणि उपाशीही राहू नकोस.

तुझी आजी

२२ ऑगस्ट

ती. आईस,

सा. न. वि. वि. मला जमणार नाही. घरच्यांनी अडवलं नाही, ते त्यांच्यावर ढकलत नाही. हे जाऊन ये म्हणाले.

मी निघाले तेव्हा तिने माझ्या ओढणीचं टोक धरलं होतं आणि तू तिचं एकेक बोट सोडवलंस. मी उभी राहून बघत होते. त्या दुपारी मॅच संपल्यावर परत तेच करावं लागेल आणि या वेळी सोडवायला तू नसशील. मला ते होणार नाही, आई.

पास परत पाठवते. हाताचा कागद ठेवून घेते.

तिला मी येणार असं सांगितलं नसशील, अशी आशा आहे.

बेबी

३१ ऑगस्ट

ती. आजीस,

सा. न. वि. वि. आम्ही एक-शून्यने हरलो. तो एक माझा.

पहिल्या हाफमध्ये मी चार अडवले. माझ्या गोलपोस्टच्या मागे, तारेबाहेर, कुणीतरी सारखं सावकाश, सावकाश म्हणत होतं, मी जिना उतरताना तू म्हणायचीस तसं. वॉचमनची बायको असेल. मी मागे वळून पाहिलं नाही. कीपरने पाहायचं नसतं, आणि मी खुर्चीकडे बघत होते. मला वाटलं, बस उशिरा आली असेल.

हाफटाइमनंतर बाजू बदलल्या. तिथे मागे कुणी नव्हतं. शेवटची पाच मिनिटं राहिली असताना फाटकातून पिवळी ओढणी घेतलेली एक बाई आत आली. मी तिच्याकडे बघितलं. चेंडू गेला. ती लाल हाउसच्या कुणाची तरी मावशी होती.

कुणी मला काही बोललं नाही. त्यापेक्षा बोलल्या असत्या तर बरं. आपापल्या पाहुण्याची खुर्ची आपणच घडी करून खोलीत नेऊन ठेवायची असते. माझी मी नेली. कॅप्टन दुसरी बाजू धरायला आली होती, पण खुर्ची एकटीनेही उचलता येते इतकी हलकी आहे.

मोजे उसवलेले नाहीत.

आजी, आई पत्रात नक्की काय म्हणाली होती? जसंच्या तसं लिही.

खारू

५ सप्टेंबर

चि. खारूस,

आशीर्वाद. वि. वि. आज मास्तरांना काही वाचून दाखवलेलं नाही. काजंही केली नाहीत.

जसंच्या तसं लिहिते. आईने लिहिलं होतं, जमलं तर बघते, आणि लिहिलं होतं की तुला अजून काही कळवू नये. येते असं तिने लिहिलंच नव्हतं. ते माझं. पिवळी ओढणीही माझी. मला इतका आनंद झाला होता की खरं काय आणि माझ्या मनातलं काय यात मला फरकच दिसेना, चष्मा नवा असून. तुझ्या आईवर रागावू नकोस. रागवायचं तर इकडे रागाव, मी घरीच असते.

तिचं दुसरं पत्र पंचवीस तारखेला आलं, की येणं होणार नाही. तुला पत्र पोचलं नसतं. फोनवर आजारी आहे म्हणून अजून एक खोटं घालायचा धीर झाला नाही. म्हणून मॅचच्या दिवशी सकाळच्या बसने मी स्वतः निघाले, तुला खेळायच्या आधी सांगायचं म्हणून. आईने परत केलेला पास पिशवीत होता. वॉचमनला दाखवला आणि मी आईच आहे असं सांगून पाहिलं. त्याने माझ्या केसांकडे पाहिलं, पासाकडे पाहिलं आणि अदबीने विचारलं की मुलगी किती वर्षांची. मग मी पास पिशवीत परत ठेवला आणि आजी आहे ते सांगून टाकलं. निरोप आत देतो म्हणाला, माणूस चांगला आहे. पण तेवढ्यात तू मैदानात आलीस. हिरवा शर्ट, हातात माझे मोजे, आणि तू त्या खुर्चीकडे बघून हसलीस. रिकाम्या खुर्चीकडे, खारू. मला निरोप देववला नाही. अजून तासभर तिला हसू दे, असं वाटलं. तिथे परत चुकले.

तारेबाहेर तुझ्या मागे मीच होते. चारही अडवलेले पाहिले. तिसऱ्याला तू आडवी पडलीस तेव्हा माझ्या तोंडून मोठ्याने निघालं, तरी तू वळली नाहीस. बाजू बदलल्यावर तुझ्यामागे यायला निघाले, तर त्या टोकाला पंपघराची भिंत. वळसा घालून पोचले तेव्हा तू खुर्चीची घडी करत होतीस. हाक मारायला तोंड नव्हतं. पाचची बस धरली.

आईने पास परत पाठवला, पण तुझ्या पंजाचा कागद ठेवून घेतला. एवढं एक तुला सांगण्यासारखं आहे, आणि हे माझ्या मनातलं नाही, तिनेच लिहिलं आहे. तिची दोन्ही पत्रं सोबत ठेवते. तुझी तू वाच. मी पुन्हा तुला कुणाचं पत्र वाचून दाखवणार नाही.

पुढच्या टर्मला रेक्टरबाईंनी वही पुढे केली तर नाव आईचंच घाल, तुला घालावंसं वाटलं तर. माझ्यासाठी बदलू नकोस. मला पास लागत नाही. वॉचमन म्हणतो की पंपघरामागून एक पायवाट आहे, माझ्या चालीने दहा मिनिटांची, आणि हाफटाइमही दहाच मिनिटांचा. मी थोडी आधी निघेन.

लोभ कमी झाला असेल तर तसं कळव. मोजे मात्र धुवायला पाठव.

तुझी आजी