बोरठाणच्या माळाचे गवत कोणाचे

मी, पुष्पावती काकासाहेब दहातोंडे, वय ७२, अविवाहित, पूर्वी पुण्यातल्या फिल्म लॅबमध्ये निगेटिव्ह कापणारी, आता नुसती म्हातारी, राहणार मौजे बोरठाण, ता. शेवगाव, जि. अहिल्यानगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. कोणी धाक दाखवलेला नाही, कोणी लाडीगोडी लावलेली नाही. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉ. निकिता यांनी दिला आहे. त्यांनी मला आजचा वार विचारला. मी तो सांगितला, आणि त्यांच्या दवाखान्यातले घड्याळ बंद पडले आहे तेही सांगितले. यापूर्वी मी असा कागद केलेला नाही. कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

१) मला मूलबाळ नाही. भाऊ रंगनाथ आणि भावजय दोघेही गेले. त्यांचा मुलगा हर्षल कॉलेजसाठी पुण्याला माझ्याकडे राहिला तो माझाच होऊन गेला. तो शेवगावला असतो आणि 'हिरवी ओंजळ' नावाचा झाडे लावणाऱ्यांचा गट चालवतो. तो गुणी आहे, मायाळू आहे, आणि त्याला दोन मिनिटे स्वस्थ बसवत नाही. पुढच्या सगळ्या भानगडीचे मूळ यातच आहे.

२) बोरठाण येथील राहते घर, भांडीकुंडी आणि बँकेतील ठेव हर्षलला द्यावी. मागच्या खोलीला काळे पडदे आहेत. तिथे मी फिल्म धुते. बाभळीच्या शेंगा उकळून त्या पाण्यात धुण्याचा सोडा घातला की फिल्मवर चित्र उमटते, बाजारातल्या औषधाइतके स्वच्छ नाही, पण उमटते. मला त्या चित्रावरचे डाग आवडतात, कारण ते माळानेच पाडलेले असतात. त्या खोलीतल्या बादल्या कितीही घासल्या तरी स्वयंपाकाला घेऊ नयेत.

३) चावीचा सोळा मिलिमीटरचा कॅमेरा, तिपाई आणि प्रोजेक्टर शाळेतल्या सविता गुरुजींना द्यावा. (आमच्याकडे बाईमाणसालाही मुले गुरुजीच म्हणतात.) माझी फिल्म पाहून 'गोष्ट काय आहे?' असे न विचारणारी या गावातली ती पहिली व्यक्ती.

४) आता फिल्मांविषयी. लॅबमध्ये मी दुसऱ्यांची निगेटिव्ह पांढरे हातमोजे घालून कापत असे. हिरो पळाला, हिरॉईन रडली, आणि दोघांच्या मागे डोंगर नुसता उभा. मला वाटायचे, या डोंगराला कोणी काही विचारतच नाही. उरलेल्या कोऱ्या फिल्मचे तुकडे लॅबवाले मला देत, त्यांवर मी माझे काम सुरू केले. एक फिल्म फक्त बोरीच्या झुडपाची आहे. एकीत कॅमेरा मेंढीच्या गळ्यात बांधलेला आहे, त्यामुळे माणसे आली तरी गुडघ्यापर्यंतच दिसतात. माणूस मधोमध नसला तर जग कसे दिसते, एवढेच मला पाहायचे होते. पुण्यात ही मेंढीची फिल्म दाखवली तेव्हा एका नामांकित समीक्षकांनी छापून आणले की बाईंना कथा सुचलेली नाही. खरे आहे, सुचली नव्हती. पण ते मध्यंतराला निघून गेले होते, आणि त्या फिल्मला मध्यंतरच नव्हते. हा राग मी बरोबर नेत आहे, कोणाला देत नाही.

गावात तीच फिल्म शाळेच्या भिंतीवर दाखवली. मेंढरांचा वाडा, म्हणजे फिरता तळ, घेऊन दरसाल माझ्या माळावर उतरणाऱ्या छबूबाई अजिनाथ कोळेकर पुढेच बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्या मोठ्याने म्हणाल्या, "अगं बया, ही तर आपल्या काळ्या मेंढीची चाल हाय!" चेहरा न दिसता त्यांनी मेंढी ओळखली. माझ्या कामाची याहून मोठी दाद मला मिळालेली नाही. सर्व फिल्मा हर्षलकडे राहाव्यात. कोणी मागितल्या तर दाखवाव्यात, पण त्यांना गाणे लावू नये.

५) आता माळ. वडिलांच्या पश्चात वाटण्या झाल्या तेव्हा रंगनाथने विहिरीची काळी जमीन स्वतःकडे ठेवली आणि मला नऊ एकर माळ दिला. सातबाऱ्यावर त्याची नोंद 'पोटखराबा', म्हणजे पिकाच्या कामाची नसलेली जमीन, अशी आहे. आपण बहिणीला गुंडाळले या समाधानात तो गेला, आणि मी ते समाधान मोडले नाही. या पोटखराब्यावर कुसळी आणि पवन्याचे गवत आहे, चंडोलाची घरटी आहेत, खोकडाचे बीळ आहे, आणि हिवाळ्यात एखादा लांडगा लांबून बघून जातो. यातले काहीही झाडीत राहत नाही. त्याला उघडे गवतच लागते. झाड म्हणजे निसर्ग आणि गवत म्हणजे रिकामी जागा, असे आमच्याकडे शिकलेलेही मानतात आणि न शिकलेलेही.

चार वर्षांपूर्वी माझे खुब्याचे हाड मोडले आणि मी नगरला दवाखान्यात होते. परत आले तर हर्षलने गाडी थेट माळावर नेली. त्याच्या गटाने जेसीबी लावून पूर्वेच्या कोपऱ्यात खड्डे घेतले होते आणि करंज, गुलमोहर लावले होते. "आत्या, तू बरी होऊन आलीस म्हणून!" तो म्हणाला. त्याचे डोळे इतके चमकत होते की मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. चंडोलांच्या भर विणीचे दिवस होते.

बोलून त्याला पटले नसते, म्हणून मी त्या कोपऱ्यासमोर तिपाई रोवली आणि वर्षभर रोज थोडे थोडे चित्रण केले. खड्ड्यांच्या मातीवर गाजरगवत आले, ठिबकच्या पाण्यावर ते माजले, कुसळी मागे सरली, चंडोल आलेच नाहीत. सगळे फिल्मवर आले. ती मी त्याला घरच्या भिंतीवर दाखवली. तो अगदी मन लावून पाहत होता. संपल्यावर म्हणाला, "आत्या, झाडं काय सुंदर वाढलीत गं!"

मी हसले. दुसरे काय करणार? जन्मभर ज्या गोष्टीवर काम केले ती माझ्याच पोराला दिसली नाही. तेव्हापासून मला एकच काळजी आहे. मी गेले की तो माझ्या नावाने सगळ्या माळावर स्मृतिवन करील, आणि रडत रडत करील.

६) मी वकील रुपालीताईंना म्हटले, जमीन हर्षलला द्या, पण झाड लावायचे नाही अशी अट घाला. त्या म्हणाल्या, "आत्याबाई, पूर्ण मालकी दिली की अशी अट कोर्टात टिकेल याचा भरवसा नाही. द्यायची तर द्या, नाहीतर दुसऱ्याला द्या." दुसऱ्याला म्हणजे कोणाला, हे मी आठवडाभर मनात घोळवले. शेवटी वाडा उतरला तेव्हा छबूबाईंना विचारले, माळ तुमच्या नावावर करू का?

त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "नगं बाई. जमीन घेतली की तिला राखत बसावं लागतं. आमी एका जागी बसलो तर मेंढरं काय खातील, माती? शिवाय तुमचं पोरगं आमच्याकडं कसल्या नजरंनं बघंल? दरसाल उतरू द्या, गवत चारू द्या. लई झालं."

मला थोडा रागच आला, नऊ एकर कोणी असे झटकते का! घरी येताना वाटेत कुरणाच्या गवताचा लिलाव चालू होता. जमीन एकाची, उभे गवत दुसऱ्याचे, हे आमच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. मी तशीच मागे फिरून रुपालीताईंकडे गेले. त्यांनी पुस्तके चाळली आणि म्हणाल्या, हे बसवता येईल.

सबब, माळाची मालकी हर्षल रंगनाथ दहातोंडे याची राहील. माळावरील गवत आणि ते चारण्याचा हक्क छबूबाई आणि त्यांच्यामागे त्यांचा मुलगा कानिफनाथ यांचा, त्यांच्या हयातीपर्यंत राहील. गवत मरेल असे कोणतेही काम, मग ते कितीही चांगल्या हेतूने केलेले असो, त्यांच्या हक्कावरचे अतिक्रमण समजावे.

७) पूर्वेच्या कोपऱ्यातली झाडे तोडू नयेत. ती चुकीच्या जागी आहेत, पण आता त्यांत होले पक्षी राहतात आणि त्यांचा काही दोष नाही. त्यांना पाणी घालायला हर्षल आला तर त्याला कोणी हटकू नये.

८) हा मसुदा मी काल हर्षलला वाचून दाखवला, कारण मेल्यावर कळण्यापेक्षा माझ्यासमोर रागावलेला बरा. तो रागावला नाही. माझ्या हातातला कागद घेऊन कलम सहा पुन्हा पुन्हा वाचत बसला. त्याला इतका वेळ एका जागी बसलेला मी प्रथमच पाहिला. मग म्हणाला, "आत्या, फक्त एक लावू दे. तुझं म्हणून. एकच."

मी नाही म्हणाले. तो रडला, मीही रडले. पोराने माझ्याकडे आजवर काही मागितलेले नाही, आणि मागितले ते एवढेच. तरी कलम सहा आहे तसेच ठेवले आहे.

वरील मजकूर मी स्वतः सांगितला, वाचून घेतला आणि तो बरोबर असल्याने दोन साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : शेवगाव
दिनांक : १९ नोव्हेंबर २०२५

(सही) पुष्पावती काकासाहेब दहातोंडे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली :
१. (सही) डॉ. निकिता अमृत गर्जे, शेवगाव
२. (सही) ज्ञानेश्वरी भानुदास लांडे, बोरठाण