दहा किलो प्रेशरची हवा

२ ऑगस्ट १९९६
आमच्या प्रदेशाच्या मुक्तिदिनाची सुट्टी. निर्णय पक्का. सायली गावच्या कारखान्यातली अकरा वर्षांची नोकरी बस्स झाली. बंद पडलेल्या युनिटच्या लिलावात प्लाझ्मा कटर मिळालाय, लोखंडी पत्रा काकडीसारखा कापतो. आता त्याला हवा पुरवायला फक्त कॉम्प्रेसर हवा, की घरीच वर्कशॉप. कुसुम म्हणाली, आधी वर्कशॉप चालू द्या, मग नोकरी सोडा. बायकोला धंद्यातलं काही कळत नाही.

५ ऑगस्ट
राजीनामा दिला. फोरमन नारायण म्हणाला, सुकदेवभाऊ, कागद ड्रॉवरमध्ये ठेवतो, महिनाअखेरपर्यंत रजा दाखवतो, मन बदललं तर या. हसू आलं. माझ्याशिवाय कटिंग सेक्शन आठ दिवस चालायचा नाही. स्वतःच येईल बोलवायला.

९ ऑगस्ट
पहिली ऑर्डर. सामरवरणी गावात नवं घर बांधलेले शाळेतले प्रभाकर सर. गणपतीआधी फाटक हवंय, पत्र्यात मोर कापलेलं. दोन दिवसांचं काम आहे.

१२ ऑगस्ट
वापीला गेलो. दुकानदार शेठ विचारतो, कटरला मिनिटाला हवा किती लागते? मला विचारतो. कारखान्यात हवा भिंतीवरच्या पाइपातून यायची, कॉक फिरवला की हजर. कॉम्प्रेसर मागच्या खोलीत होता म्हणे, तिकडे जायचं कधी काम पडलं नाही. शेठ भल्या मोठ्या टाकीचा कॉम्प्रेसर गळ्यात मारत होता, प्रेशर सात किलो. शेजारच्या छोट्यावर दहा लिहिलेलं. सातापेक्षा दहा जास्त. छोटा घेतला. शेठचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

१४ ऑगस्ट
चाचणी. चार इंच सुंदर कापलं. मग हवा संपली. टाकी भरायला सात मिनिटं. पुन्हा चार इंच. नवीन मशीन आहे, मोकळं व्हायला वेळ लागतो.

२० ऑगस्ट
मोराची मान झाली. पावसाळ्यामुळे नळीतून पाणी येतं, कटर थुंकतो. दोष हवामानाचा. कुसुम म्हणते, ड्रॉवरमधला कागद परत आणा. तिसऱ्यांदा म्हणाली. उद्यापासून पहाटे पाचला काम.

२१ ऑगस्ट
सव्वाआठला उठलो.

२७ ऑगस्ट
शेठकडे कॉम्प्रेसर बदलून मागितला. वापरलेला माल परत घेत नाही म्हणाला. वर हेही म्हणाला, की हा रंग मारायला आणि टायर भरायला असतो. आधी सांगायला काय झालं होतं?

३१ ऑगस्ट
कारखान्यापर्यंत गेलो. गेटसमोर दोन चहा घेतले. नारायण बाहेर आला नाही. आपण होऊन आत जाणं बरं दिसत नाही. येईल तो घरी. भीती वाटते, पण ती लिहून ठेवण्यासारखी गोष्ट नाही.

१० सप्टेंबर
प्रभाकर सर आले. मोराला अजून पाय नाहीत. मोराच्या मानेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, राहू द्या, तूर्त बांबूचं फाटक लावून घेतलंय. रागावले असते तर बरं झालं असतं.

१८ सप्टेंबर
कुसुमने भिंतीवर खडूने लिहिलंय, सायकलमध्ये हवा भरून मिळेल. शिफ्ट सुटली की रांग लागते. तात्पुरतं आहे.

साडेतीनला दारात नारायणची स्कूटर. मला ठाऊकच होतं. कुसुमला चहा टाकायला सांगितलं, धुतलेला शर्ट घातला. अट एकच घालणार होतो, पगारवाढ. नारायण चहा प्यायला. म्हणाला, तुमच्या जागी एक तारखेपासून काळू म्हणून एक पोरगा लागलाय, हात चांगला आहे त्याचा. मग उठून स्कूटरची चाकं अंगठ्याने दाबून बघू लागला.
मी विचारलं, पुढचं की मागचं?
दोन्ही म्हणाला.